अकरा ठोक्यांचा मालक

१

चोरी उघडकीस आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते, खोटं कशाला सांगू?

नाहूरच्या आमच्या ‘तेरेखोल’ सोसायटीच्या तळमजल्यावर रवळनाथ प्रासादिक भजन मंडळाची खोली आहे. मे महिन्यातली शुक्रवारची संध्याकाळ होती. सतरंजीवर दहा-बारा पुरुष मंडळी बसली होती आणि त्यांच्या मधोमध कॉम्प्युटर मांडून आमची श्रुतिका मेस्त्री. रविवारी मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. मुलुंडला हॉल घेतला होता, आणि कार्यक्रमाची सुरुवात श्रुतिकाने बांधलेल्या गजराने होणार होती.

‘बांधलेल्या’ म्हणजे कसा, ते सांगते. ती पखवाजाचा एकेक ठोका, झांजेचा एकेक आवाज वेगवेगळा रेकॉर्ड करते. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर गणिताच्या वहीसारख्या चौकटी येतात, त्यात ज्या घरात टिंब ठेवाल तिथे तो आवाज वाजतो. अशी हजारो टिंबं भरून तिने गजर उभा केला होता. वर गाणार आमचे बुवा आणि मंडळी.

पन्नास वर्षांत मंडळाच्या मंचावर एकही बाई बसलेली नव्हती. चहाचे कप मात्र आम्हीच विसळलेत. चंद्रप्रकाश बुवा गावड्यांना श्रुतिकाने चार महिने भंडावून सोडलं, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली होती.

तिने बटण दाबलं. पहिलाच धा असा घुमला, की भिंतीवरचा लाकडी फलक थरथरला. त्या फलकावर मंडळाच्या पखवाजवाल्यांची नावं सोनेरी रंगात आहेत. पन्नास वर्षांत फक्त तीन. तिसरं नाव नंदकिशोर मेस्त्री, म्हणजे श्रुतिकाचे आजोबा. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा डावा हात गेला आणि पखवाज माळ्यावर गेला.

गजर संपला, टाळ्या पडल्या, बुवांनी चक्क डोळे पुसले. पण श्रुतिकाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

“हे माझे ठोके नाहीत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“नितेशदादाने वाजवलेले अकरा ठोके मी यात भरले होते. कोणीतरी ते काढलेत आणि त्या जागी दुसरे ठेवलेत.” तिने पहिला ठोका पुन्हा वाजवून पाहिला. “आणि हे कितीतरी चांगले आहेत.”

२

सध्या मंडळात पखवाज वाजवतो तो नितेश परब. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. तो ताडकन उठला.

“माझे ठोके काढले? कोणी काढले? समोर ये ना, च्यायला!”

कोणी समोर आलं नाही. आलं असतं तर माझी ही गोष्ट इथेच संपली असती.

“अगं, मग जुने परत टाक,” मी म्हटलं.

“त्याच नावाने नवे टाकलेत, मावशी. जुने पुसले गेले.”

“दुसरी प्रत?”

“घेणार होते,” श्रुतिका पुटपुटली.

“नितेश, तू परत वाजव मग.”

“मी? ज्याचे आवडले त्याचेच घ्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या ना आता? मी बघत होतो सगळ्यांकडे.” आणि पोरगा भिंतीला टेकून फुगून बसला.

तेव्हा चंद्रप्रकाश बुवांनी हात वर केला. मंडळाचा एक जुना नियम आहे. मंचावर जो आवाज वाजतो तो कोणाच्या हातचा, हे बुवा सुरुवातीलाच माइकवरून सांगतात. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून वाजवायची नाही. कैक वर्षांपूर्वी एका डबलबारीत, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्यात, समोरच्या मंडळाने असा आळ घेतला होता, तो बुवा अजून विसरलेले नाहीत.

“ज्याचो हात, त्याचां नाव,” बुवा म्हणाले. “आवाज झकास आसा, पण मालक खंय? उद्या सांजपर्यंत नाव सापडला तर हो गजर वाजतलो. नायतर कॉम्प्युटर बंद. नितेश हातान वाजयतलो आणि बाय, तू खाली खुर्चेर बसान ऐक.”

श्रुतिका रडली नाही. फक्त कॉम्प्युटरची वायर गुंडाळायला लागली, तीही उलटी. मला ते बघवेना.

“बुवा,” मी म्हटलं, “उद्या सहा वाजता इथेच या. नाव मी देते.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी ओळख करून द्यायची राहिलीच. मी कुंदा धुरी, वय चौसष्ट. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले. एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही. सोसायटीत कोणाची मिक्सरची भांडी खराब झालीत तेही मी जिन्यातून सांगते. लोक याला भोचकपणा म्हणतात.

बोलून तर गेले होते. पण घरी जाताना जिन्यात लक्षात आलं, की माझ्याकडे धागा म्हणून एकही नव्हता.

३

शनिवारी सकाळी साडेदहाला मी मेस्त्रींच्या घरी गेले. त्यांचं घर माझ्या डोक्यावरच, तिसऱ्या मजल्यावर. घरात तीन माणसं: श्रुतिका, तिची आई नलिनी आणि आजोबा नंदकिशोर. श्रुतिका अंधेरीला एका जाहिरात कंपनीत आवाजाचं काम करते. नलिनी भांडुपला दवाखान्यात केसपेपर काढते. तिला शनिवारीही कामावर जावं लागतं. एरवी सकाळी नऊ ते दोन घरात एकटे आजोबाच. आणि श्रुतिकाचा गजर होता तो घरच्या कॉम्प्युटरमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात, कुलूप ना किल्ली.

“पासवर्ड का नाही ठेवलास?”

“घरातल्या घरात काय पासवर्ड, मावशी?”

तिचा घाटकोपरचा मित्र धवल तिथे आधीच येऊन बसला होता. तोही तिच्याच कंपनीत. गेल्या आठवड्यात दोनदा इथे येऊन त्याने या गजरात लक्ष घातलं होतं, म्हणून मी सुरुवात त्याच्यापासून केली.

“तूच विकतचे ठोके आणून भरलेस ना रे?”

“आंटी, कसम से! मी तर उलट बोललो होतो हिला, की नितेशचे ठोके बसके आहेत, विकत घे. हीच नको बोलली.”

“पण हे बदलायचं कसं, हे तुला ठाऊक होतं.”

“ते तर इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे. हिने जेवताना भाषण दिलं होतं, डब्यांचं.”

श्रुतिका हसली, त्या दिवशी पहिल्यांदाच. “आईला समजावत होते. सॉफ्टवेअरमध्ये आवाज नसतातच, फक्त डब्यांची नावं असतात. ‘रव्याचा डबा आण’ म्हटलं की ते रव्याचा डबा आणतं. आत कोणी बेसन भरलं तर ते बेसनच टाकणार, विचारणार नाही. त्या दिवशी नितेशदादा होता, धवल होता, बुवाही होते.”

“आणि आजोबा?”

“ते आतल्या खोलीत दशावतार बघत होते, जुन्या लॅपटॉपवर.”

धवलने पडद्यावर फाइलींची यादी काढली. “आंटी, हे बघा. सगळ्या अकरा फाइलींची तारीख एक जानेवारी दोन हजार दहा. पंधरा-सोळा वर्षं जुना माल आहे. कोणीतरी कुठून तरी उचललाय.”

ते ऐकून श्रुतिकाचा चेहरा पुन्हा पडला. उचललेला माल म्हणजे बुवा ऐकणारच नव्हते.

“मला ऐकव,” मी म्हटलं. “ठोका नको. ठोका संपल्यावर मागे जे उरतं ना, ते मोठं करून ऐकव.”

तिने मला हेडफोन दिला. सवयीने माझी पाठ ताठ झाली. पहिला ठोका गेला, आणि त्याच्या शेपटाला एक बारीक गुणगुण ऐकू आली. दुसऱ्यालाही तीच. अकराही ठोक्यांच्या मागे एकच सूर.

“धवल, विकतच्या आवाजात अशी गुणगुण असते?”

“नाही आंटी. ते धुतलेले असतात, मागे काहीच नसतं.”

“मग हा घरी केलेला माल आहे. आता तो धा परत लाव.”

धा मी चार वेळा ऐकला. त्यात काहीतरी खटकत होतं. गुणगुण सुरुवातीला जाड होती आणि मध्येच एकदम निम्मी होत होती. असं मी हजारदा ऐकलंय. दोन लाइनी एकमेकींवर चढल्या की अशीच दुप्पट घरघर येते, आणि एकाने फोन ठेवला की ती निम्मी होते. क्रॉस कनेक्शन!

“श्रुतिका, हा एक आवाज नाही. दोन आहेत.”

तिने पडद्यावर आवाजाचं चित्र मोठं केलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. “खरंच की! उजव्या बाजूचा ठोका वेगळा वाजवलाय, डाव्या बाजूचा वेगळा, आणि मग एकावर एक ठेवलेत. पण असं कोण करेल? धा तर दोन्ही हात एकदम मारले की होतो. लहान मूलही वाजवेल.”

“बाकीचे दहा?”

“ते एकेका हाताचेच बोल आहेत.”

मी हेडफोन काढला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. आणि त्याच क्षणी खिडकीबाहेरच्या डक्टमधून आवाज सुरू झाला: सोसायटीचा पाण्याचा पंप. मी हेडफोन परत कानाला लावला. मग काढला. मग लावला.

सूर तोच होता.

४

म्हणजे ठोके याच बिल्डिंगमध्ये वाजवले गेले होते, अकरा ते साडेअकरा या वेळात. आमचा पंप दिवसातून एकदाच, तेवढाच चालतो. तो चालू असताना मला माझ्याच घरातली फोनची रिंग ऐकू येत नाही. कोणीतरी नेमकी हीच वेळ निवडली होती. रेकॉर्डिंग करणारा माणूस शांतता शोधतो. या माणसाने गोंगाट शोधला. कारण पखवाज वाजला की सगळा मजला जमा होतो, आणि त्याला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मी बरोबर खालच्या मजल्यावर राहते आणि मला पत्ता लागला नाही, याचा रागही आला.

धवल सुटला, तो अकराला अंधेरीत असतो. बुवा कुडाळला गेले होते, शुक्रवारी दुपारीच परत आले, आणि बुधवारपर्यंत जुने ठोके जागेवर होते असं श्रुतिका शपथेवर सांगत होती. उरला नितेश. तो याच बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर राहतो. फलकावर अजून आपलं नाव नाही, हे त्याच्या मनात सलतं तेही मला ठाऊक होतं. आपलेच ठोके गुपचूप सुधारून, वर रागावल्याचं नाटक केलं असेल तर?

तो दारातच भेटला, बनियनवर, अजून घुश्शात.

“मावशी, अकरा वाजता मी कांजूरमार्गला कंपनीत असतो, कार्ड पंच करून. विचारून या.”

“बरं, तुझे ठोके बसके का आले होते?”

त्याने दार अर्धवट ओढून घेतलं. मग हळूच म्हणाला, “कणीक.”

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात. त्यानेच आवाज खाली उतरतो आणि घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. आमच्याकडे ती कावळ्या-चिमण्यांना घालतात.

“सकाळी आईने मळून दिलेली, डब्यातून घेऊन गेलो. दिवसभर कंपनी, मग अंधेरीचा स्टुडिओ, वर तिथला एसी. थापली तेव्हा पापडीसारखी तडकली. लाज वाटली मावशी, कोणाला बोललो नाही. वाटलं मशीनमध्ये कोणाला काय कळतंय.” त्याने मान खाली घातली. “काल ते नवे ठोके ऐकले ना, अजून कानातून जात नाहीत. असं वाजवणारा एकच माणूस मी ऐकलाय, पण ते शक्य नाही.”

“कोण?”

“आता ते कशाला. त्यांना कसं जमणार?”

मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर चढले. गुडघ्यांनी तक्रार केली, पण मी ऐकून घेतलं नाही.

नंदकिशोर आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते. समोर जुना लॅपटॉप, त्यावर दशावतारातला कोणी राजा तलवार परजत होता. डावा हात मांडीवर निपचित. उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरून होती.

“या पोरीचं उद्या काय होणार, नंदूभाऊ?” मी विचारलं.

“माका काय विचारतंस, कुंदा? माझो एक हात मेलो, दुसरो चाय ढवळता.” पण डोळे लॅपटॉपवरून हलले नाहीत.

“गजर ऐकलात?”

“ऐकलंय. घरच्या दारातसून.”

“कसा वाटला?”

“तू सांग. लोकांनी काय म्हटल्यानी?”

प्रश्न साधा होता, पण विचारताना बोटांचा ठेका थांबला होता. मी उत्तर द्यायच्या आधी खिडकीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला आणि तिथल्या पांढुरक्या गोळ्याला चोच मारून उडाला. मी उठून पाहिलं. चपटी, सुकून तडकलेली कणीक होती.

नलिनीच्या घरात दोन वर्षं तांदळाच्या भाकऱ्याच होतात. नंदूभाऊंना डॉक्टरांनी गहू बंद केलाय, त्यामुळे गव्हाचं पीठ घरात येतच नाही.

जाता जाता लॅपटॉपच्या कोपऱ्यातली तारीख तेवढी वाचली: एक जानेवारी दोन हजार दहा.

“घड्याळ बंद पडलंय की हो याचं.”

“कधीचां! चालू केलां की त्याच तारखेक जाता. नाटकां पेनड्राइव्हवर असतत, माका तारीख कित्याक व्हयी?”

दार ओढून घेतलं आणि जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिले. उत्तर माझ्या हातात होतं आणि ते अशक्य होतं. माळ्यावरचा पखवाज चांगला वजनदार. एका हाताने तो खाली येणार कसा?

५

याचं उत्तर माझ्या आमसुलांनी दिलं.

दोन आठवड्यांपूर्वी मी गच्चीत कोकमाची सालं वाळत घातली होती आणि टाकी वाहून ती भिजली. मी खंडूला फैलावर घेतलं. खंडू आमचा वॉचमन, पन्नाशीचा माणूस, घड्याळाइतका नियमित. पंप चालू आणि बंद करणं त्याचंच काम. पण दोन आठवडे तो पंप बंद करायला विसरत होता आणि टाकी वाहत होती. सोसायटीच्या वहीत माझ्या तीन तक्रारी आहेत. मी ती वही काढली. वाहिली ती सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार एकदाही नाही.

शनिवार-रविवार श्रुतिका घरी असते.

खंडू केबिनमध्ये जेवत होता. स्टोव्हजवळ परातीत कणीक झाकून ठेवली होती.

“खंडू, रोज किती चपात्या खातोस?”

“चार, ताई.”

“ही तर आठांची दिसते.”

त्याने घास खाली ठेवला. “ताई, मी मेस्त्रीकाकांना जबान दिलीय.”

“मग तू काही बोलूच नकोस. मी बोलते, तू फक्त जेव.”

मी बोलत गेले आणि तो जेवत गेला, पण शेवटची चपाती त्याला संपवता आली नाही, कारण त्याला हसू आवरेना.

सहा वाजता मंडळाच्या खोलीत सगळे जमले. मी नंदूभाऊंनाही खाली आणवलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले, फलकाकडे पाठ करून.

“ठोके चोरीचे नाहीत,” मी सुरुवात केली. “मागे आपल्या पंपाचा आवाज आहे, म्हणजे इथेच वाजवलेत. तारीख दोन हजार दहाची आहे, पण माल ताजा आहे. ज्या मशीनवर तो झाला त्याचं घड्याळ तिथेच अडकलंय, एवढंच. डाव्या तोंडाला ओली, ताजी कणीक आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अकरा ठोक्यांत एकही ठोका दोन हातांनी मारलेला नाही. दोन्ही हातांचा बोल एकच, धा. तोही एकेक हात वेगळा वाजवून मग जोडलाय.”

“कित्याक?” बुवा म्हणाले. “इतको चांगलो वाजवणारो माणूस दोन हात कित्याक नाय लावणार?”

“लावता येत असते तर लावले असते, बुवा.”

श्रुतिका हळूहळू दाराकडे वळली.

“आजोबा?”

नंदूभाऊंनी डोळे मिटले. “खंडूक काय बोलू नकात. तेणा फक्त पखवाज उतरवल्यान, धरल्यान, आणि बटण दाबल्यान. बाकी सगळा माझा.”

६

मग ते बोलायला लागले, आणि चार वर्षांचं एकदम बोलले.

डब्यांचं ते भाषण त्यांनी दशावताराचा आवाज बंद करून ऐकलं होतं. जुन्या लॅपटॉपवर श्रुतिकाचं कॉलेजातलं सॉफ्टवेअर तसंच होतं. कपाटात तिचा पहिल्या पगारातला माइक पडून होता. एका हाताने पखवाज वाजत नाही, हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं. पण एका वेळी एकच ठोका लागणार असेल तर एक हात पुरे, हे त्या दिवशी भात कालवताना त्यांना कळलं. उजव्या हाताने आधी उजवं तोंड वाजवायचं. मग खंडू पखवाज फिरवून धरायचा आणि त्याच हाताने डावं. धासाठी हे दोन्ही आवाज त्यांनी श्रुतिकाच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवले. दोन आठवडे रोज अर्धा तास, पंप चालू असेपर्यंत. शेवटचा, अकरावा ठोका शुक्रवारी सकाळी जमला, आणि तसाच तो पेनड्राइव्हवरून गजरात गेला.

“मला का नाही सांगितलंत?” श्रुतिकाने विचारलं.

“नाव सांगलंय असतंय तर सगळे वा वा म्हणाले असते. आजारी माणसाक कोण वायट म्हणता? माका आवाजाचो निकाल व्हयो होतो. माझो नको.” मग ते नितेशकडे वळले. “तुझो हात बरो आसा रे. कणीक तेवढी ओल्या फडक्यात गुंडाळ. तुझे ठोके पुसूचे नव्हते माका, बाजूक ठेवूचे होते. त्या मशीनान इचारलान, मी ‘हो’ दाबलंय. चूक झाली.”

नितेश उठला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. त्याने वाकून नंदूभाऊंच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “काका, यार, तुम्ही काल माझी पार वाट लावली.” आणि सगळी खोली हसली. नंदूभाऊ इतके हसले की नलिनीला पाणी आणावं लागलं.

बुवा मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला आणि चष्मा चढवला. “म्हणजे पखवाज, नंदकिशोर मेस्त्री. माइकवर उद्या हांच सांगतलंय. आणि मशीन चालवणार…” ते अडखळले. “मशीनवाल्याचा नाव सांगूची पद्धत नाय आपल्यात.”

श्रुतिका पटकन म्हणाली, “नाही सांगितलं तरी चालेल, बुवा. मी मंचावर आहे ना, बस.”

तिला ते खरंच चालणार होतं. मला नव्हतं. पण माझं कोण ऐकतंय?

रविवारी संध्याकाळी मुलुंडचा हॉल शिगोशीग भरला. मंचावर मंडळी पांढऱ्या कपड्यांत बसली, मध्ये श्रुतिका हिरव्या नऊवारीत, समोर कॉम्प्युटर, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत नंदूभाऊ. पहिल्या रांगेत मी आणि खंडू. पंपाची जबाबदारी त्याने एका दिवसापुरती सेक्रेटरींच्या गळ्यात मारली होती.

बुवा माइकशी आले. झांज कोणाची, पेटी कोणाची, सांगत गेले. “आणि पखवाजावर हात, नंदकिशोर मेस्त्री!”

हॉल उठून उभा राहिला. चार वर्षांनी ते नाव माइकवरून आलं होतं. टाळ्या थांबेनात. नंदूभाऊंनी उजवा हात वर केला, पण नमस्कारासाठी नाही. ते माइक मागत होते.

“बुवा चुकले,” ते म्हणाले. “ह्यो उजवो हात, तो माझो. पण एका हातान धा वाजत नाय. माझो डावो हात चार वर्षां माझ्या मांडयेर पडलेलो. तुमी आता जो ऐकतलास तो डावो हात माका ह्या चेडवान दिल्यान.” त्यांनी माइक खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, श्रुतिकाचं मनगट धरून तिचा हात वर केला, आणि मोठ्याने म्हणाले, तेव्हा माइकची गरजच नव्हती, “ज्याचो हात, त्याचां नाव. तुमचोच नियम, बुवा!”

पन्नास वर्षांचा नियम बुवांकडे बघत होता. मग त्यांनी माइक उचलला, घसा साफ केला, आणि खणखणीत आवाजात सांगितलं:

“पखवाज. उजवो हात, नंदकिशोर मेस्त्री. डावो हात, श्रुतिका मेस्त्री.”

आणि श्रुतिकाने बटण दाबलं. धा असा घुमला की माझ्या शेजारी खंडू खुर्चीतून उठला आणि नाचायलाच लागला.

पुढच्या आठवड्यात फलकावर सोनेरी रंगाने चौथं नाव लागलं. नितेशने स्वतः पेंटरला आणलं, आणि आपल्या नावासाठी खाली जागा सोडायला सांगितली.